लेकी-सुनांची कबड्डी आणि डोक्याचा मार

“दादा आला का?” वैशालीनं मला विचारलं.

ती बांधावर बसली होती. मी तिच्या मानेवर ओला नॅपकिन धरून शेजारी उभी होते. समोर खाचरात कबड्डी चालू होती.

“आलेत की. ते काय, रेघेवर उभे आहेत,” मी म्हणाले.

तिनं तिकडं पाहिलं, मान हलवली, हसली. आजूबाजूच्या बायकाही हसल्या.

“माहेरवाशिनीला दुसरं काय दिसणार, बाई?” हौसामावशी म्हणाल्या. “भाऊ डोळ्याम्होरं असला तरी जीव भरत न्हाई.”

मला ते पटलं. जरा जास्तच पटलं. तिथंच माझी गडबड झाली असती.

टाकवे बुद्रुकच्या पुढं डोंगराला लागून एक गाव आहे. भाऊबीज झाली की त्या गावात लेकी विरुद्ध सुना अशी कबड्डी होते. गावात जन्मून लग्नानं बाहेर गेल्या त्या लेकी. लग्न होऊन गावात आल्या त्या सुना. हळवं भात लवकर कापतात, त्यातलं एक खाचर रिकामं झालं की त्याची धसकटं खणून काढतात, पाणी मारतात, रोलर फिरवतात आणि फक्कीनं रेघा मारतात. जी बाजू हरेल तिनं त्या दिवशी सगळ्यांना जेवण वाढायचं. लेकी ‘आम्ही पाहुण्या’ म्हणून हरायला तयार नसतात. सुना वर्षभर वाढतच असतात, त्यामुळं त्या तर अजिबात तयार नसतात. खेळ हसण्यावारी सुरू होतो आणि लगेच ओरबाडण्यावर येतो.

आदल्या वर्षी एकीचं मनगट मोडलं होतं. म्हणून यंदा वैशालीचा भाऊ संतोष आमच्या रेणुका मॅडमना बोलवायला आला. मॅडम फिजिओथेरपिस्ट आहेत, त्यांचं क्लिनिक तळेगावात आहे. मी त्यांची असिस्टंट. हा शब्द त्यांनी दिलेला आहे. माझं शिक्षण नववी नापास, आणि नापास झाल्यावर परत शाळेत गेलेच नाही. भंडारा जिल्ह्यातून इकडं पॅकिंगच्या कामाला आले. घोरावाडी स्टेशनजवळ चार मुलींत खोली घेतली. कंपनीतलं काम सुटलं तेव्हा खोलीतल्या एकीचा खांदा आखडला होता, तिच्यासोबत मॅडमकडं गेले. मॅडम म्हणाल्या, “तू हिला बरोबर हात देतेस. माझ्याकडं येशील?” मी आले. मशिनचे पॅड लावणं, शेक देणं, व्यायाम करून घेणं, टॉवेल धुणं हे सगळं त्यांनी शिकवलं. अजून रोज सकाळी क्लिनिकचं शटर उघडताना मला भीती वाटते की आज काहीतरी चुकेल आणि मॅडम म्हणतील, जा बाई तू घरी. त्या तसं कधी म्हणाल्या नाहीत.

घरी जायचं तर होतंच. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. जत्राच असते, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ असतो, नाटक असतं, लग्न झालेल्या पोरी येतात. दिवाळीचं रेल्वेचं तिकीट काढलं होतं, ते वेटिंगवरच राहिलं. आईचा फोन आला. “मंडईले येशील का वं?” मी म्हणाले, तिकीट झालं नाही. मागून धाकट्या भावाचा आवाज आला, “ताई येऊन राहिली का?” ती त्याला म्हणाली, “नाही.” मग मला म्हणाली, “जेवत जाजो बरोबर.”

म्हणून मॅडमनी जेव्हा विचारलं, “सुट्टीच्या दिवशी एका गावात यायचंय, येशील?” तेव्हा मी लगेच हो म्हणाले. गाव म्हटलं की मला कुठलंही चालतं.

आम्ही सकाळीच पोचलो. कापलेल्या भाताचा वास आला आणि मी थोडा वेळ बॅग खाली ठेवायची विसरले. इकडं भात म्हणतात, आमच्याकडं धान. इकडं खाचर, आमच्याकडं बांधी. वास तोच.

मॅडमनी आधी दागिने उतरवायला सांगितले. दुखापत होऊ नये म्हणून करायचं हे पहिलं काम. बांगडी फुटली तर आपल्यापेक्षा समोरचीला जास्त लागते. जोडवी मातीत अडकली तर बोट पिरगळतं.

“बांगड्या काढू, पण मंगळसूत्र न्हाई,” सुनांकडून आवाज आला.

“नका काढू,” मॅडम म्हणाल्या. “चिकटवू.”

मग मी एकेकीचं मंगळसूत्र गळ्याशी गुंडाळून त्यावर कॉटन टेप लावली. ज्यांना हिरवा चुडा उतरवायचा नव्हता त्यांच्या मनगटाला क्रेप बँडेज बांधलं. सगळ्याजणी एकमेकींना बघून हसत होत्या. “ह्या काय, हॉस्पिटलातनं पळून आल्यात का?”

नंतर वॉर्म-अप. म्हणजे खेळायच्या आधी अंग गरम करायचं, जागच्या जागी पळायचं, पाय ताणायचे. थंड स्नायूला एकदम झटका दिला तर तो फाटतो.

“मॅडम, पहाटेपासून भाकऱ्या थापल्यात,” संतोषची बायको मनीषा म्हणाली. “अंग गरमच हाय.”

“हात गरम आहेत. पायांचं काय?” मॅडम म्हणाल्या आणि स्वतःच पळायला लागल्या. मग सगळ्या पळाल्या.

तेवढ्यात संतोष बहिणीला घेऊन आला. वैशालीचं सासर दौंडकडं. पहाटेच्या गाडीनं पुण्याला येऊन पुढं लोकलनं ती मुलीला घेऊन कान्हे स्टेशनला उतरली होती आणि तो तिला गाडीवरून घेऊन आला होता. “मॅडम, ही माजी बहीन. शाळंत असताना जिल्ह्याला खेळल्याली,” त्यानं सांगितलं. वैशाली लाजली. सासूनं एकच रात्र राहायला परवानगी दिली होती, उद्या सकाळी परत. तिनं चप्पल काढली आणि पाय मातीवर घासले, आपण ओळखीच्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवतो तसे. लग्नानंतर ती वर्षातून एवढा एक दिवस खेळत होती.

ती खेळायला लागल्यावर कळलं की ती काय होती. अंगात जोर बेताचा, पण पायात वीज. लेकींचे निम्मे गुण तिचेच. पहिल्या डावानंतर लेकी पुढं होत्या.

दुसऱ्या डावात आधी एका सुनेचा घोटा मुरगळला. एक आजी गरम तेलाची वाटी घेऊन धावल्या. मॅडम पळत गेल्या, “आजी, तेल नको, चोळू नका.” ताज्या मुरगळीवर चोळलं आणि शेकलं की आतलं रक्त आणखी पसरतं, सूज वाढते. आधी थंड, मग पट्टी, मग पाय उंचावर. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही, फडक्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ. मॅडम खाली बसून पट्टी बांधायला लागल्या. मैदानाच्या ह्या बाजूला मी एकटी राहिले.

त्याच वेळी वैशाली रेडला गेली. एकीला शिवली, वळली, आणि मनीषानं तिची कंबर धरली. दुसरी अंगावर आली. तिघी एकत्र पडल्या आणि वैशालीचं डोकं मनीषाच्या गुडघ्यावर आपटलं. आवाज आला. फार मोठा नाही, नारळ ओट्यावर ठेवल्यासारखा.

ती बाद झाली होती. पण उठली नाही. डोळे उघडे होते, बघत कुठंच नव्हती.

“वन्सं! वन्सं, लागलं का वो?” मनीषा ओरडली.

मग गावाचे उपाय झाले. तोंडावर पाणी. गालावर चापट्या. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. मी “हलवू नका, हलवू नका” म्हणत होते पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मी पोचायच्या आत ती उठून बसली, हसली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला धरून बांधावर आणलं. मान दुखते का विचारलं, नाही म्हणाली. हातापायांना मुंग्या नाहीत म्हणाली. मला बरं वाटलं.

तेव्हा तिनं विचारलं, दादा आला का.

मी उत्तर दिलं. मावशी ते बोलल्या. आणि मी तिच्या शेजारी उभी राहून माझ्याच घरी गेले. आमच्या अंगणात पाट मांडलाय, भाऊ केस विंचरून बसलाय, असं काहीतरी. पाहुणीला भाऊ आठवतो यात विचारायचं काय?

“दादा आला का?”

तिनं परत विचारलं. तोच सूर, मान तशीच डावीकडं.

“ते काय, उभे आहेत,” मी म्हणाले. तिनं पाहिलं, मान हलवली, हसली. मावशींनी पदर डोळ्याला लावला. “लय माया बगा भावाची.”

मी पण डोळे पुसले. आणि पुसता पुसता मला वाटलं, ही तर त्याच्याच गाडीवरून आली. माझ्यासमोर उतरली. मग आला का, असं का विचारते? माझा भाऊ असा समोर दिसला असता, तर मी म्हणाले असते, जेवला का, दमलाय का, जाड झालाय ना? दिसल्यावर माणूस पुढचं काहीतरी बोलतं.

“दादा आला का?” वैशाली म्हणाली.

मी नॅपकिन टाकून मॅडमकडं धावले.

मॅडम आल्या आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. “वैशाली, आत्ता आपण कुठं आहोत?”

तिनं गावाचं नाव बरोबर सांगितलं.

“पहिल्या डावात पुढं कोण होतं?”

तिनं मैदानाकडं पाहिलं. मग म्हणाली, “आमीच आसू.”

“तुला आत्ता कुणी पकडलं?”

“मला?” ती हसली. “मी आजून रेडला गेलेच न्हाई.”

बायकांचं हसणं थांबलं. मनीषा तोंडावर हात धरून खाली बसली.

मॅडम मला हळूच म्हणाल्या, “कन्कशन असणार. हिचा खेळ बंद.” कन्कशन म्हणजे डोक्याला बसलेल्या धक्क्यानं मेंदू हादरणं. रक्त येत नाही, टेंगूळसुद्धा असेलच असं नाही. शुद्ध जायलाच पाहिजे असंही नाही. माणूस चालतं, बोलतं, हसतं. फक्त नुकतं घडलेलं त्याच्याजवळ राहत नाही, म्हणून तेच तेच विचारतं. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उजेड सहन न होणं, उगाच चिडणं किंवा रडणं, ही बाकीची लक्षणं. एक जरी दिसलं तरी त्या दिवशी मैदानात परत पाठवायचं नाही.

नेमकी तेव्हाच शिट्टी वाजली. लेकींनी एक सून पकडली होती. कबड्डीत आपल्या बाजूनं गुण मिळवला की आपला बाद झालेला खेळाडू परत जिवंत होतो आणि आत येतो. पाळी वैशालीची होती.

“वैशे, ये! जिवंत झालीस!”

ती उभी राहिली. मॅडम समोर आडव्या आल्या.

“मॅडम, मला काय झालं न्हाई वो.”

“मला माहितेय तुला तसं वाटतंय. बस.”

“गुण बरोबरीत आलेत!” आतून एकजण ओरडली. सुनांनी सूर धरला, “भ्याल्या गं भ्याल्या, लेकी आमच्या भ्याल्या!”

संतोष आला. घामाघूम. चारी बाजूंनी लोक त्याला सांगत होते. तो मॅडमना म्हणाला, “नुसती आत उभी राहिली तर? रेड न्हाई मारनार ती. वरीसभर वाट बघती वो ह्या दिसाची.”

“कबड्डीत नुसतं उभं राहता येतं का, दादा?”

“न्हाई,” तो म्हणाला.

“घरी दही लावता ना? लागत आलेलं भांडं कुणी हलवलं तर दही मोडतं. तसंच आत्ता हिच्या डोक्याचं झालंय. हलवलं नाही तर आपोआप बसेल. पण त्यावर दुसरा धक्का बसला, अगदी छोटा जरी, तर काय होईल ते मी नाही सांगू शकत. जिवावर बेतू शकतं.”

वैशालीनं मॅडमचा हात धरला. रडायला लागली. “मी हितं एकदाच येते. मला घरी कुनी इचारत बी न्हाई तू खेळायचीस का म्हून. एक रेड. मॅडम, एकच.”

मला वाटलं, सोडावं. खरं सांगते. देवाशप्पथ वाटलं की एका रेडनं काय होतं. मॅडमच्या तोंडाकडं बघायची मला हिंमत झाली नाही.

संतोषनं बहिणीकडं पाहिलं. ती म्हणाली, “दादा, तू कवा आलास?”

तो मैदानाकडं वळला आणि ओरडला, “वैशाली खेळनार न्हाई! बदली घ्या!”

बदलीला कुणी उरलं नव्हतं. तेव्हा हौसामावशी उठल्या. त्यांनी कासोटा खोचला.

“मावशे, तू तर सून!”

“जन्मले हितं, दिली बी हितंच,” मावशी म्हणाल्या. “आज लेक हाय. काय म्हननं हाय?”

त्यावर भांडण झालं, ते मावशी जिंकल्या. मग आत गेल्या आणि पहिल्याच फटक्यात पकडल्या गेल्या. लेकी हरल्या. सुनांनी मावशींनाच उचलून घेतलं आणि पंगतीच्या वरच्या अंगाला नेऊन बसवलं.

आम्ही ते जेवण जेवलो नाही. वैशालीला उलटी झाली, मग थोड्या वेळानं परत झाली. मॅडम म्हणाल्या, “आता हॉस्पिटल. मी खेळ थांबवू शकते, आत काय झालंय ते डॉक्टरच बघतील.” वारंवार उलट्या, डोकेदुखी वाढत जाणं, उठवूनही नीट जाग न येणं, झटके, बुबुळं लहानमोठी दिसणं, कानानाकातून रक्त किंवा पाणी, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. कुणीतरी डोकेदुखीची गोळी आणून दिली, ती मॅडमनी परत केली. काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. डॉक्टरांनी बघितल्याशिवाय नाही.

जीपमध्ये ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती. पुढं मॅडम आणि संतोष होते, शेजारी मनीषा वैशालीच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तळेगाव येईपर्यंत वैशाली विचारत राहिली. मॅडमनी शिकवलंय की असं विचारणाऱ्याला ‘आत्ताच सांगितलं ना’ म्हणायचं नाही, तो घाबरतो. दर वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखं सांगायचं. मी सांगत राहिले. आले आहेत, पुढं बसलेत. आले आहेत. आलेत हो. आवाज मी नीट ठेवला. मनीषा खिडकीबाहेर बघून रडत होती. “रोज ह्यांच्यात मी परकी,” ती म्हणाली, “आन आज माज्याच गुडघ्यानं...” मी तिचाही हात धरला. माझ्याजवळ दोनच हात होते.

सीटी स्कॅन झाला. आत रक्तस्राव नव्हता. डॉक्टर म्हणाले, कन्कशनच आहे, वेळेवर थांबवलंत. त्यांनी रात्रभर ठेवून घेतलं आणि मग घरी सोडलं. आधी एक-दोन दिवस शांत विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमी. झोप आली तर झोपू द्यायचं, पण जवळ माणूस पाहिजे. मग हळूहळू चालणं, घरातली हलकी कामं. त्रास वाढला की एक पायरी मागं. खेळ सगळ्यात शेवटी, तोही डॉक्टर हो म्हणाले तर. आणि लांबचा प्रवास सध्या नाही.

हे दौंडला कळवायचं कुणी? संतोषनं फोन लावला आणि सरळ मॅडमच्या हातात दिला.

“अहो, ती तर म्हणतीये बरी आहे,” सासूबाई म्हणाल्या. आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू येत होतं. “इथं घर कोण बघणार?”

“तिचं डोकं कोण बघणार, ते आधी ठरवू,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्याकडं आणली तर तिला काम द्यायचं नाही, एकटं सोडायचं नाही, दिवसा झोपली तर उठवायचं नाही. जमेल?”

पलीकडून आवाज आला, “राहू द्या मग तिथंच.”

पुढच्या तपासणीला ती क्लिनिकवर आली. तोंडावर तरतरी होती. केसांना तेल लावून कुणीतरी घट्ट वेणी घातली होती. सामन्याचं तिला जवळजवळ काहीच आठवत नव्हतं. मावशी रेडला गेल्या हे सांगितल्यावर पोट धरून हसली. मॅडमनी तिला एका रेषेत टाचेला पंजा जोडून चालायला लावलं, चालली. एका पायावर उभं केलं, राहिली. महिन्यांची नावं उलटी म्हणायला सांगितली, ती माझ्यापेक्षा भरभर म्हणाली.

“डोकं दुखतंय अजून?”

वैशालीनं दाराकडं पाहिलं. बाहेर तिची मुलगी मामाच्या गाडीवर पुढं बसली होती आणि मामा तिला पेरूच्या फोडी भरवत होता.

“थोडं,” ती म्हणाली. “संध्याकाळचं.”

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. मी टॉवेलच्या घड्या घालत होते, त्या घालत राहिले.

“मग अजून काही दिवस प्रवास नको,” मॅडम म्हणाल्या.

ती गेल्यावर मला राहवलं नाही. “मॅडम, खरंच दुखत असेल का तिचं?”

“घोटा सुजला तर आपण टेपनं मोजतो. डोक्यातलं दुखणं मोजायची टेप नाही,” त्या म्हणाल्या. “पुढचा पेशंट बोलव.”

तेव्हापासून मी एवढं पाठ केलंय. डोक्याला मार लागलेलं माणूस काही झालं नाही म्हणालं, तर विश्वास ठेवायचा नाही. दुखतंय म्हणालं, तर ठेवायचा.